सव्वा तासाचं पॅरिस

आमच्या गल्लीतला एक पोरगा लंडनला असतो. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, ‘‘शनिवारी पॅरिसला चाललो. सव्वा तासाची फ्लाइट आहे फक्त.’’ त्याची आई भरताच्या वांग्यांची जळकी सालं सोलत होती. काळ्या बोटांवर फुंकर मारत तिने विचारलं, ‘‘घरून कितीला निघशीन?’’

पोरगा जरा थांबला. ‘‘पहाटे चारला.’’

विमान कितीचं? साडेसातचं. पॅरिसच्या हॉटेलात कधी? तिथले बारा, म्हणजे लंडनचे अकरा वाजतील. सव्वा तासाचे सात तास झाले. बाईने वांगं परातीत टाकलं, वर काही बोलली नाही.

आमच्या फैजपुरात अंतर किलोमीटरमध्ये कोणी विचारत नाही. ‘कितीची गाडी, किती ठिकाणी उतरायचं’ एवढंच विचारतात. लंडन-पॅरिस हवाई अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. आपलं जळगाव-मुंबईही आकाशातून जवळपास तेवढंच. म्हणजे आपणही युरोपातच राहतो, फक्त मधे पिंपरूड फाटा, बामणोद, तापीचा पूल आणि भुसावळ लागतं. शिवाय पुढे केळीचा ट्रक असला की त्याचा वेग तोच आपला वेग.

जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन 2012 साली झालं. पहिलं नियमित प्रवासी विमान उडायला डिसेंबर 2017 उजाडला. पाच वर्षांचं बोर्डिंग! पुढेही सेवा सुरू, बंद, पुन्हा सुरू. फ्रान्सने 2023 मध्ये नियम केला की, अडीच तासांच्या आत रेल्वेने पोचता येत असेल तिथलं देशांतर्गत विमान बंद. त्यात मोजके तीन मार्ग अडकले. आमच्याकडे असल्या नियमाची गरज कधी पडली नाही.

बाकी फैजपूरला लांबच्या प्रवासाचं वावडं नाही. 1936 मध्ये खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन इथलं. अध्यक्ष पंडित नेहरू, आणि मुंबईहून ज्योत आणली ती धावत, एका हातातून दुसऱ्या हातात देत. धावणाऱ्यांना दोन तास आधी येऊन पट्टा-बूट काढायला कोणी सांगितलं नाही, हे नशीब.

आमचा खरा विमानतळ म्हणजे भुसावळ जंक्शन. रात्री डबा खाऊन गाडीत आडवं व्हायचं, डोळा उघडला की कल्याण. झोपेचे तास प्रवासात धरायचे नसतात, हा खान्देशी हिशेब कुठल्याही विमान कंपनीच्या हिशेबापेक्षा प्रामाणिक आहे.

तिकडे तर समुद्राखालच्या बोगद्यातून 1994 पासून रेल्वे धावते. लंडनच्या मध्यातून पॅरिसच्या मध्यात, सव्वादोन-अडीच तासांत. आईला हे कुठून कळलं देव जाणे. तिने विचारलंच, ‘‘मंग गाडीनं का नाही जात?’’

‘‘गाडीचं तिकीट महाग आहे, आई.’’

बाईने हात धुतले आणि फोन माझ्याकडे दिला. म्हणाली, ‘‘इले विचारा, तिकडे जनरल डबा नसतो का?’’ ‘इले’ म्हणजे मोबाइलमधल्या त्या बोलणाऱ्या बाईला.