येड्या पोरांचं कौतुक

बऱ्हाणपुरात दहावी-बारावीच्या वर्षीसुद्धा जो मुलगा रोज ग्राउंडवर जातो, त्याला घरात, गल्लीत आणि शाळेत एकच विशेषण मिळतं: येडा. मुलगी असेल तर ते तिच्या आईबापांच्याही वाट्याला येतं. लिहाल-वाचाल तर नवाब व्हाल, खेळाल-कुदाल तर खराब व्हाल, हे हिंदी यमक इथल्या मराठी घरांतही पाठ आहे. ज्या गावाने सुभेदार, नवाब आणि शहाजादे खरोखर पाहिले, तिथे ते जरा जास्तच पटतं. माझं म्हणणं सरळ आहे. हे येडेपण थोर आहे आणि शहाण्यांनी त्याच्याकडून शिकावं.

पहिला येडेपणा झोपेचा. सगळा वर्ग गाइड उघडून रात्री एकपर्यंत जागतो, तेव्हा हे पोर नऊला अंथरुणावर पडतं, कारण पहाटे पाचला त्याला उठायचं असतं. निमाडचा उन्हाळा दिवसा धावू देत नाही, सराव उन्हाच्या आधीच उरकावा लागतो. गाव म्हणतं, परीक्षा तोंडावर आलीय आणि हा झोपतोय. पण तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, हे डॉक्टर कधीपासून सांगत आहेत. वाचलेलं डोक्यात पक्कं होतं तेही झोपेतच. शहाणी मुलं नेमके तेच तास खर्चून टाकतात.

दुसरा येडेपणा म्हणजे भिंतीवर टाइमटेबल न लावणं. रंगीत स्केचपेनने आखलेलं, सहा ते सात गणित, सात ते आठ विज्ञान असं वेळापत्रक घरोघर असतं आणि आठवड्याभरात त्याच्याकडे कुणी बघेनासं होतं. त्यात तास असतात, थकवा नसतो. खेळणारं पोर मात्र आपल्या थकव्याप्रमाणे दिवस लावतं. पहाटेची धाव झाली, अंघोळ झाली, की डोकं लख्ख असतं. तो अर्धा तास गणिताचा. शाळेत आज जे शिकवलं ते संध्याकाळच्या प्रॅक्टिसला निघण्याआधी एकदा नजरेखालून घालायचं, कारण परतल्यावर पाय बोलतात, डोकं ऐकत नाही. रात्री जेवणानंतर नुसतं मोठ्याने वाचायचे विषय. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. चार दिवस उलटं करून बघितल्यावर शरीरच सांगतं.

मग स्पर्धांचा हंगाम. आधी शाळा, मग विकासखंड, मग जिल्हा, मग संभाग, मग राज्य. आणि चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालचे गट. आपला संभाग इंदूरचा. इंदूर-इच्छापूर रस्त्याने, असीरगडाच्या पायथ्याशेजारून, खंडवा, सनावद, बडवाह करत पावणेदोनशे-एकशेऐंशी किलोमीटर. जायचा एक दिवस, यायचा एक दिवस, आणि मध्ये मॅटच्या कडेला बसून राहणं. कुस्तीची लढत चार-सहा मिनिटांची, तिची वाट बघायची सकाळपासून संध्याकाळपर्यंत. या वाट बघण्यात इतिहासाचा एक धडा होऊन जातो. बसमध्ये रसायनशास्त्राची सूत्रं होतात. आपल्या गावच्या कुंडी भंडाऱ्याचंच बघा, त्याच्या एकाही कुंडीत सातपुड्याचं सगळं पाणी मावत नाही, झिरपून आलेलं थोडं थोडं पाणी जमिनीखालून एकीतून दुसरीत जातं आणि 1615 साली बांधलेली ती रचना गावाला पाणी देत आली. या मुलांचा अभ्यास तसाच जमतो. सलग चार तास त्यांना कधी मिळतच नाहीत, म्हणून त्यांची पंधरा मिनिटंही वाया जात नाहीत.

आता शहाण्यांचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर घाम निघेल असं काहीतरी करावं. जगातली अकरा ते सतरा वर्षांची 81 टक्के मुलं तेवढं करत नाहीत, हेही तिनेच मोजलंय. म्हणजे आपल्या गल्लीतला येडा सगळ्या जगात अल्पसंख्य आहे.

त्याची जातकुळी मात्र मोठी आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स या एकाच प्रकारात दोन भारतीय होते. एक कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, नंतर आपल्या गावावरून जाणाऱ्या याच मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झालेला. दुसरा आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूरचा ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर, भोपाळच्या अकादमीत शिकलेला शेतकऱ्याचा मुलगा. पात्रता फेरीत स्वप्नीलचे 590, ऐश्वर्यचे 589. पहिले आठ पुढे जातात. एक सातवा आला, दुसरा अकरावा. स्वप्नीलने पुढे कांस्य जिंकलं. त्या एका गुणामागे दोघांच्याही किती पहाटा गेल्या असतील! ऐश्वर्यच्या पहाटा मला तसूभरही कमी वाटत नाहीत.

पण या येडेपणाचा सगळ्यात मोठा माणूस खेळाडू नव्हता. तो प्राचार्य होता. गोळेश्वरचा पैलवान खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये तो सहावा आला. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा त्याच कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण! त्या काळच्या शहाण्यांनी त्यांना काय म्हटलं असेल, ते मला बऱ्हाणपुरात बसून ऐकू येतं. खाशाबा कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

त्या हेलसिंकीत आणखी एक गोष्ट घडली, ती प्रत्येक शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगायला हवी. जपानच्या इशीईशी लांबलेली कुस्ती खेळून खाशाबा मॅटवरून उतरला आणि त्याला लगेच सोव्हिएत मल्लापुढे उभं केलं. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमात होती. ती मागायला त्या वेळी एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेला खाशाबा हरला. त्याने स्वतःचा वेळ वर्षानुवर्षं चोख वापरला होता. जो अर्धा तास मोठ्यांनी मिळवून द्यायचा होता, तेवढाच त्याला मिळाला नाही.

म्हणून खेळणाऱ्या मुलांना वेळेचं नियोजन शिकवायला निघालेल्या मोठ्यांना मी आधी त्यांचं स्वतःचं नियोजन विचारतो. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणि बोर्डाचा पेपर एकाच दिवशी आला, तर सीबीएसई तो पेपर नंतर घेते. चांगली सोय आहे. पण तिथवर पोचणारी मुलं मोजकी. बाकीची जिल्हा आणि संभागाच्या पायऱ्यांवर असतात. त्यांची तिमाही बुडते, छमाहीचं प्रॅक्टिकल हुकतं, हजेरी घसरते. त्यांच्यासाठी नियम बदलायला भोपाळला जावं लागत नाही. वर्गशिक्षकांनी बुडालेल्या तासांच्या नोट्स एका मित्राकडे ठेवायला सांगितलं, मुख्याध्यापकांनी हुकलेला पेपर रविवारी शाळा उघडून घेतला, ट्यूशनच्या सरांनी सहाची बॅच सातला केली, तर काम होतं. यात कुणाचं घर गहाण पडत नाही.

शाळेत स्पर्धांच्या तारखा कळतात त्याच दिवशी परीक्षेच्या तारखा शेजारी मांडून बघाव्यात. कोणत्या मुलीचा कोणता पेपर हुकणार आहे, ते इंदूरची बस सुटायच्या कितीतरी आधी दिसेल.