स्थळ चांगलं आहे

डोंबिवलीत आमच्या ज्ञातीच्या वधूवर सूचक मंडळाचं रजिस्टर मी 19 वर्षं सांभाळलं. ‘अपेक्षा’ या रकान्यात माणूस काय काय लिहू शकतो, हे माझ्याइतकं क्वचितच कुणी पाहिलं असेल. परक्याच्या पोराची उंची, वजन, घराणं आणि चालचलणूक यांवर रात्री दोन वाजेपर्यंत हुज्जत घालणारी जमात फक्त आपल्याकडे आहे, अशी माझी समजूत होती. 2018 च्या एप्रिलमध्ये मी क्लीव्हलँडला भाच्याकडे राहायला गेलो, आणि त्याच्या तळघराच्या पायऱ्या उतरता उतरता ती समजूत गळून पडली.

खाली भिंतीवर पांढरा फळा होता. फळ्यावर चार नावं, नावांखाली आकडे. समोर शेजारचा निवृत्त प्लंबर, त्याचा मुलगा, एक तेलुगू दंतवैद्य आणि माझा भाचा. चेहरे असे, की मी दबक्या आवाजात विचारलं, “कुणी गेलं का?”

“श्श, मामा! आपला पहिला नंबर आहे.”

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो बराचसा हातांनी खेळतात. पण ते असो. त्यांच्या व्यावसायिक लीगमध्ये 32 संघ. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची या संघांत दर एप्रिलमध्ये वाटणी होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. सात फेऱ्या. आयपीएलसारखी बोली नाही. आदल्या हंगामात जो सर्वांत वाईट हरला त्यानं सर्वांत आधी उचलायचं, म्हणजे नापासाला पंगतीत पहिलं पान. आणि 2017 च्या हंगामात क्लीव्हलँड ब्राउन्स 16 पैकी 16 सामने हरले होते. त्याबद्दल जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत गावकऱ्यांनी स्टेडियमभोवती रीतसर मिरवणूक काढली होती. पोरगं सगळ्या विषयांत नापास झाल्यावर बँड लावणारं हे गाव. भाचा आईनं विणलेली कानटोपी घालून त्या मिरवणुकीत चालला होता. शाळेत पीटीच्या तासाला हाच मुलगा आईची चिठ्ठी आणायचा.

ड्राफ्टवाला ओळखायची खूण सोपी आहे. सामन्यांत त्याला गोडी नसते. सप्टेंबरात हंगाम सुरू झाला की तो कर्तव्य म्हणून टीव्हीपुढे बसतो, कुणाच्या तरी दहाव्याला बसावं तसा. दिवाळीच्या सुमारास संघाची आशा संपते, आणि मग याच्या तोंडावर तुकतुकी येते. “पुढच्या वर्षी कोण कोण निघतंय बघा,” म्हणतो. तिथून पुढे दर शनिवारी कॉलेजचे सामने. वायोमिंगमधल्या कुठल्याशा पोराचा डावा पाय चेंडू फेकताना जरा उशिरा पडतो, हे त्याला दिसतं. स्वतःच्या मुलाच्या दाताला तार बसवून महिना झाला, ते भाचेसुनेला सांगावं लागतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये उपवर मुलांना इंडियानापोलिसला बोलावतात. तिथे त्यांना अर्ध्या चड्डीवर 40 यार्ड पळवतात, उड्या मारायला लावतात, वजन करतात, आणि पंजा ताणून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजतात. थोडक्यात, वीत मोजतात. हे ऐकून मी मान खाली घातली. आमच्या मंडळात एका वरमाईनं मुलीला सुईत दोरा ओवायला लावला होता, पण वीत काही कुणी मोजली नव्हती.

भाषा मात्र मला दोन दिवसांत कळायला लागली, कारण ती आमच्या रजिस्टरचीच होती. ‘अपसाइड फार आहे’ म्हणजे मुलगा सध्या काही करत नाही, पण होतकरू आहे. ‘फ्लोअर उंच आहे’ म्हणजे सरकारी नोकरी. ‘कॅरेक्टरबद्दल प्रश्न आहेत’ म्हणजे त्यांच्या गल्लीतल्या वाण्याकडे एकदा चौकशी करा. आणि ‘टेप पाहा, आकडे पाहू नका’ असं ज्याच्याबद्दल सांगतात, त्याच्या पत्रिकेत हमखास काहीतरी असतं.

या जमातीत एक वाद सनातन आहे: संघाची गरज पाहायची, की जो सर्वांत गुणी असेल तो उचलायचा? प्लंबर गरजवादी. गळतंय तिथेच बूच मारायचं, असं त्याचं म्हणणं. दंतवैद्याचं मत, आधी हिरा घरात आणा, कोंदण मग बघू. भाचा या दोन्हींच्या पलीकडे गेलेला. त्याला फक्त क्वार्टरबॅक हवा होता. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, सगळा खेळ चालवणारा, घरातला कर्ता पुरुष. 1995 चा हंगाम संपल्यावर मालकानं संघच उचलून बाल्टिमोरला नेला. 1999 मध्ये गावाला नव्यानं संघ मिळाला, आणि तेव्हापासून हा कर्ता पुरुष शोधणं चालू होतं. 1999 मध्ये टिम काऊच. 2007 मध्ये ब्रेडी क्विन. 2012 मध्ये ब्रँडन वीडन, हा आधी बेसबॉल खेळून आलेला 28 वर्षांचा घोडनवरा. 2014 मध्ये जॉनी मँझिएल. यांतले शेवटचे तिघे 22 व्या क्रमांकावर उचललेले. आपल्याकडे त्या आकड्याची शांत केली असती. पहिला सोडला, तर प्रत्येक वेळी भाचा ठामपणे म्हणाला होता, “हाच.” पहिल्याच्या वेळी तो अमेरिकेत आला नव्हता, एवढंच.

2018 मध्ये फळ्यावर चार स्थळं होती: सॅम डार्नॉल्ड, जॉश रोझेन, जॉश अ‍ॅलन आणि बेकर मेफील्ड. भाच्याच्या डार्नॉल्डभोवती लाल चौकट. मेफील्डनं कॉलेजातलं सर्वांत मोठं पारितोषिक, हाइझमन, मिळवलं होतं, पण उंची जेमतेम सहा फूट. “एवढ्याशा मुलाला पुढचं दिसणार काय?” इति भाचा, उंची पाच फूट चार इंच.

“मामा, तुमचा एवढा अनुभव. तुम्ही सांगा.”

मला येतात तेच प्रश्न मी विचारले. घरचे काय करतात? रोझेनचे वडील शल्यविशारद. अ‍ॅलन कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्याचा मुलगा, उंची सहा फूट पाच इंच, वीत दहा इंचांहून मोठी. मी म्हटलं, “हा घ्या. शेतावर राबलेला आहे.” सगळे हसले. अ‍ॅलननं फेकलेल्या शंभरातले 56 चेंडूच आपल्या माणसाच्या हाती पडतात, असं मला समजावण्यात आलं. “शिकेल,” मी म्हटलं. पुन्हा हसले.

26 एप्रिल, गुरुवार, रात्रीचे आठ. टेक्सासातल्या आर्लिंग्टनच्या स्टेडियममध्ये समारंभ. पहिल्या फेरीत तेव्हा प्रत्येक संघाला दहा मिनिटं मिळायची. घड्याळ उलटं धावत होतं, भाचेसुनेनं ठेवलेले बटाटेवडे गार होत होते, आणि दंतवैद्य दातांनी नखं कुरतडत होता. मग लीगचे कमिशनर व्यासपीठावर आले आणि त्यांनी नाव वाचलं: बेकर मेफील्ड.

कुकरची एक शिट्टी व्हायला लागते तेवढा वेळ भाचा गप्प होता. मग उठला. शर्टाच्या बाहीनं डार्नॉल्डभोवतीची लाल चौकट पुसली, तीच मेफील्डभोवती काढली आणि आमच्याकडे वळून म्हणाला, “मी म्हणतच होतो. उंची घेऊन काय चाटायचीय? पोराची जिगर बघा.” बाहीचा लाल डाग धुतल्यावरही गेला नाही, अशी भाचेसुनेची तक्रार आहे.

त्या रात्री ब्राउन्सकडे चौथा क्रमांकही होता, आणि त्याची हकिगत माझ्या रजिस्टरात शोभली असती. 2017 मध्ये त्यांनी आपला 12 वा क्रमांक ह्यूस्टनला देऊन टाकला होता, त्याच्या बदल्यात हा आलेला. ह्यूस्टननं त्या 12 व्या क्रमांकावर डेशॉन वॉटसन नावाचा क्वार्टरबॅक घेतला. पुढे 2022 मध्ये ब्राउन्सनी तोच वॉटसन ह्यूस्टनकडून आणला. किंमत म्हणून पहिल्या फेरीचे तीन हक्क आणि वर आणखी काही मोजले, आणि त्याच्याशी 23 कोटी डॉलर्सच्या हमीचा करार केला. नको म्हणून सोडलेलं स्थळ पाच वर्षांनी घर गहाण टाकून करायचं, असा हा प्रकार. वॉटसनवर तेव्हा कोर्टात दावे चालू होते. त्याबद्दल भाचा आजही बोलत नाही.

त्यामुळे 2022, 2023 आणि 2024 असे तीन एप्रिल पहिल्या फेरीत ब्राउन्सचं पान मांडलेलंच नव्हतं. मला वाटलं, पोरगा आता तरी फळा खाली उतरवेल. छे! लग्न दुसऱ्याच्या घरी, आणि अक्षता वाटायला हा. ज्या पोरांना त्याचा संघ हातसुद्धा लावू शकत नव्हता, त्यांच्याही विती त्याला पाठ होत्या.

त्याची एक वही आहे. बरोबर ठरलेले अंदाज शाईनं लिहिलेले, चुकलेले पेन्सिलीनं. 2000 च्या ड्राफ्टमध्ये टॉम ब्रेडी 199 व्या क्रमांकापर्यंत पडून होता. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक गेले, त्यांतला एक 183 व्या क्रमांकावर ब्राउन्सनी घेतलेला. हे सांगून भाचा शेवटी म्हणतो, “मी तेव्हाच ओरडत होतो.” तेव्हा तो मुंबईत व्हिसाच्या रांगेत उभा होता. ओरडला असेल तर तिथे ओरडला असेल.

मेफील्डनं ब्राउन्सना 2020 च्या हंगामात पिट्सबर्गमध्ये बाद फेरीचा एक सामना जिंकून दिला, 1994 च्या हंगामानंतरचा पहिला. 2022 मध्ये वॉटसन आल्यावर त्याला कॅरोलिनाला धाडून दिलं. अ‍ॅलनला सातव्या क्रमांकावर बफेलोनं घेतलं होतं. तो शिकला. 2024 च्या हंगामात तो सगळ्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या दिवशी भाच्याचा फोन आला, “मामा, तुम्ही म्हणाला होतात!” तेव्हापासून मी हे डोंबिवलीच्या कट्ट्यावर, बँकेत आणि दोन मुंजींत सांगितलं आहे. जॉश अ‍ॅलन कोण, हे तिथे कुणालाच ठाऊक नाही, पण मंडळी मान डोलावतात.

भाच्याच्या वहीत मात्र त्या रात्रीचं पान आहे, आणि त्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलंय: ‘मामांची पसंती: 1. रोझेन (डॉक्टरांचा मुलगा). 2. अ‍ॅलन.’ रोझेन दहाव्या क्रमांकावर ॲरिझोनाला गेला आणि त्यांनी वर्षभरात त्याला मायामीला देऊन टाकलं. भाचा डिसेंबरात डोंबिवलीला येतोय, वही घेऊन. तुम्हाला ते पान दाखवायला लागला, तर चष्मा घरी राहिलाय म्हणून सांगा.