पुट्टी आणि पुटकुळी

मुसफ्फ्यात माणूस स्वतःचं रूप सुधारायला येत नाही, गाडीचं सुधारायला येतो. अबुधाबीत कुणाच्या मोटारीला पोचा पडला, की ती आमच्या या गॅरेजांच्या मुलखात दाखल होते. अशा डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात असलेल्या माझ्या भाच्याच्या गालांवर मुरमं उगवली, आणि तीही नेमकी स्थळांना फोटो पाठवायच्या वेळी.

कऱ्हाडहून ताईने व्हिडिओ कॉलवरच निदान केलं, "उष्णता झालीया. सब्जा घाल पाण्यात." ४५ अंशांच्या गावात हे निदान चुकणं तसं अवघडच. पण भाचा आधुनिक. त्याला उष्णता नको होती, डेफिशियन्सी हवी होती. ती इथे मुबलक. वर्षभर सूर्य डोक्यावर, तरी आखातात ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता घरोघरी, कारण उन्हात उभं कोण राहणार? १५ जून ते १५ सप्टेंबर भरदुपारी उघड्यावर काम करून घ्यायला तर सरकारचीच मनाई आहे. तर ‘ड’पासून सुरुवात झाली आणि बाकीची बाराखडी मागोमाग आली. अ, ई, बायोटिन, जस्त, शिवाय जिममधल्या मित्राने ‘एनर्जी’साठी दिलेलं बी-१२ आणि व्हे प्रोटीनचा डबा. फ्रिजवर जागा उरेना. मामी म्हणाली, "जेवायला पोटात जागा ठेवलीस का रे?"

यातलं जस्त अगदीच निकामी नाही. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकातच ते मुरमांवर देऊन पाहिलं होतं. पण २००१मध्ये छापून आलेल्या एका तुलनेत जस्ताने सुमारे ३१ टक्के रुग्णांना गुण आला आणि मिनोसायक्लिन या अँटिबायोटिकने ६३ टक्क्यांना. म्हणजे पास, पण ग्रेस मार्कांवर.

‘अ’ची गोष्ट जरा घराणेशाहीची. मुरमांवरचं सर्वांत जालीम औषध आयसोट्रेटिनॉइन हे त्याच्याच कुळातलं. अमेरिकेत त्याला १९८२मध्ये मान्यता मिळाली. मात्र ते डॉक्टरांच्या नजरेखाली, रक्त तपासत घ्यायचं, आणि गरोदरपणात तर अजिबात नाही. कुळ एक म्हणून साध्या ‘अ’च्या गोळ्या मूठभर खाल्ल्या, तर मुरमांच्या आधी यकृत तक्रार करतं.

आणि बी-१२? कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१५मध्ये दाखवलं, की बी-१२ जास्त झालं की त्वचेवरचे मुरमांचे जिवाणू पोर्फिरिन नावाचं द्रव्य जास्त बनवू लागतात आणि काहींच्या चेहऱ्यावर त्याने दाह वाढू शकतो. म्हणजे आमचा भाचा रोज सकाळी एक गोळी मुरमं घालवायला घेत होता आणि बहुधा दुसरी आणायला. व्हे प्रोटीनवरही हाच संशय आहे. तो डबा मात्र महाग, त्यामुळे त्याच्यावर संशय घ्यायला भाच्याने फार वेळ लावला.

शेवटी शाबियातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी फ्रिजवरचा अर्धा दवाखाना बंद केला आणि अडीच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी भाचा वर्कशॉपमध्ये ती ट्यूब नाचवत आला. "मामा, हे तर आपलं हार्डनर!"

खोटं नव्हतं. पोचा भरताना पुट्टी घट्ट व्हावी म्हणून जे हार्डनर मिसळतात, त्यात हेच रसायन असतं, फक्त पन्नास टक्क्यांच्या आसपास. पेशावरचे आमचे उस्ताद तीस वर्षं गाड्यांचे गाल भरताहेत. ते म्हणाले, "डॉक्टर को पैसा क्यों दिया? मेरे पास डिब्बा पड़ा है।" तो डबा मी तेव्हापासून कुलपात ठेवतो.

जेल काम करतंय, याचा पहिला पुरावा उशीवर मिळाला. मामीच्या नव्या निळ्या अभ्र्यावर पांढरे डाग पडले. बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवतं, हे कळेपर्यंत ती लाँड्रीवाल्याशी भांडून आली होती. आता भाच्याच्या वाट्याला फक्त पांढरे अभ्रे.

गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मुलीकडचे शुक्रवारी व्हिडिओ कॉल करणार आहेत. भाच्याने आमच्या पेंटरकडे आशेने बघायला सुरुवात केली आहे.