साखर वेगळी, शुगर वेगळी

अण्णांना शुगर आहे हे ते स्वतःच सांगतात, तेही गावाकडे दोन एकर ऊस असल्याच्या थाटात. ‘‘आम्हाला शुगर आहे बरं का,’’ असं म्हणत बशीत चहा ओततात आणि पहिला घोट घेऊन म्हणतात, ‘‘साखर जरा कमीच पडली.’’ या दोन वाक्यांत काही विसंगती आहे, असं त्यांना कधी वाटलं नाही. शुगर लॅबमध्ये राहते, साखर डब्यात. एक इंग्रजी, एक मराठी. दोघींची गाठ पडायचं कारणच काय?

अण्णा प्रत्येक सोसायटीत असतात. कुठे त्यांना नाना म्हणतात, कुठे भाऊ. आमचे अण्णा पुण्यातले, बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. ३६ वर्षांत त्यांच्या गल्ल्यात रुपयाची तूट आली नाही. साखरेच्या हिशेबाची त्यांची पद्धत मात्र निराळी. प्रसाद धरायचा नाही, कारण तो देवाचा. पेढा धरायचा नाही, तो शेजारच्या मुलीच्या दहावीचा. उभ्याने खाल्लेलं धरायचं नाही. काकूंच्या ताटातलं उचललेलं तर मुळीच नाही, ते काकूंच्या खात्यावर. गुळाला पूर्ण सूट, कारण गुळात लोह असतं. असतं थोडं, पण बाकीचा खडा बहुतेक साखरच, हे अण्णांना कोण सांगणार? ते लोहासाठी रोज जेवणानंतर लिंबाएवढा गूळ खातात. आणि मध? जुन्या वैद्यांनी लघवीला मुंग्या लागतात हे पाहून या रोगाला मधुमेह म्हटलं. अण्णांनी त्यातून वेगळाच बोध घेतला: ‘‘ज्याच्या नावातच मध आहे, त्याला मध कसा बाधेल?’’

सगळा दोष त्यांना देता येत नाही. आपल्याकडे लग्न ठरलं की साखरपुडा, पाडव्याला गुढीला साखरेची गाठी, संक्रांतीला तिळगूळ. कडुनिंब वर्षातून एकदा खायचा, तोही गूळ घालून. मराठी माणूस साखर खात नाही, तो दुसऱ्याच्या आनंदात सहभागी होतो. अण्णा फार सहभागी होतात.

दर तीन महिन्यांनी त्यांची तपासणी असे. ती ते मार्चएंडसारखी साजरी करत. आधीचे दोन दिवस ज्वारीची भाकरी, मेथी, कारल्याचा रस, चेहराही कारल्यासारखा. तिसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त द्यायचं आणि लॅबच्या पायऱ्या उतरून थेट अमृततुल्य गाठायचं. रिपोर्ट १२८. डॉक्टर म्हणायचे, ‘ठीक आहे, सांभाळा.’ अण्णा ‘ठीक आहे’ एवढंच ऐकून घरी यायचे. (मी हे लिहितोय खरा, पण त्या अमृततुल्यात चहाचे पैसे बहुतेक वेळा मीच दिलेत.)

शरीर मधूनमधून तक्रार करत होतं. प्रत्येक तक्रारीवर अण्णांकडे उत्तर तयार. पायाला मुंग्या येतात? चप्पल नवी आहे. रात्री तीनदा उठावं लागतं? पाणी जास्त पितो ना. इतकी तहान कशाने? उन्हाळा. जुलैतही उन्हाळाच. पेपरातली अक्षरं पुसट दिसायला लागली, तेव्हा म्हणाले, ‘‘हल्ली हे लोक शाईत पाणी घालतात.’’

शेवटी पायाच्या अंगठ्याला झालेली जखम महिनाभर भरेना, तेव्हा लेकीने डॉक्टर बदलला. नवी डॉक्टर लेकीच्याच वयाची. तिने एचबीए१सी नावाची चाचणी लिहून दिली. रक्तातल्या तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटते. ती पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तात साखर किती होती, ते एका आकड्यात कळतं. अण्णा डोळे बारीक करून ऐकत होते. तिने फाइलवरचा बँकेतला हुद्दा वाचला असावा. ‘‘काका,’’ ती म्हणाली, ‘‘तुम्ही आजवर एका दिवसाची शिल्लक दाखवत होतात. ही तीन महिन्यांची सरासरी शिल्लक.’’

साडेसहापासून पुढे मधुमेह. अण्णांचा आकडा आला ८.९.

रिक्षात बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘म्हणजे हिला मार्चएंड नाही.’’

त्या संध्याकाळी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा साखरेची वही घातली. दिवसाला चहा चार कप, कपाला दोन चमचे, चमच्याला पाच ग्रॅम. दिवसाचे ४० ग्रॅम, महिन्याचे १२००, वर्षाचे १४ किलो ६०० ग्रॅम. नुसता चहा! जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालासुद्धा वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सुचवते, आणि तिथे मधाला सूट नाही. काकूंनी वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘अगंबाई! मला वाटायचं, मुंग्या नेतात.’’

तूट सापडली की कॅशियरला झोप लागत नाही. अण्णा आता सगळं लिहितात. प्रसाद ‘देव खाते’, पेढे ‘शेजार खाते’. काकूंच्या ताटातलं त्यांनी मागच्या तारखेने स्वतःकडे वर्ग करून घेतलं. चहात आधी एक चमचा, मग अर्धा, आता काहीच नाही. पण पिताना चेहरा असा करतात की शेजारच्याला आपला चहा गोड घ्यायची लाज वाटावी. गूळ बंद. गोळ्या वेळेवर. जखम भरली. तीन महिन्यांनी आकडा ७.६ आला, तेव्हा आनंदाने पेढे आणायला निघाले होते. जिन्यावरूनच परत फिरले.

पण पंगतीत अजून त्यांचा भरवसा नाही. म्हणून विनंती एवढीच, की अण्णा तुमच्याकडे जेवायला आले तर जिलेबीचा आग्रह करू नका. पहिल्यांदा ते ‘नको’ म्हणतील, तेव्हाच ताट घेऊन पुढे सरका. दुसऱ्यांदा ‘नको’ म्हणणं त्यांना अजून जमलेलं नाही.