पक्षी, पेयं आणि व्युत्पत्ती : नवशिक्यांसाठी

इंग्लंडच्या गावोगावच्या जुन्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणं हा फार स्वस्तातला छंद आहे. दुर्बीण लागत नाही, व्हिसा लागत नाही, आणि समोरच्यालाही काही ठाऊक नसल्यामुळे पकडले जाण्याची भीती बेताचीच. नवशिक्यांनी पक्षी आणि पेयं या दोन खात्यांतून सुरुवात करावी. इंग्रज माणसाने या दोघांना जितकी नावं ठेवली आहेत, तितकी सासरच्या माणसांनाही ठेवली नसतील.

आधी साहित्य. जोसेफ राइट यांचा बोलीभाषांचा सहा खंडांचा कोश (१८९८ ते १९०५) मिळाला तर पाहावा. हे गृहस्थ यॉर्कशरच्या गिरणीत पोरवयातच कामाला लागले, वयाच्या १५ व्या वर्षापर्यंत त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, आणि पुढे ते ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोश पहिल्याच खंडात मिटून ठेवावासा वाटला की हे आठवावं. कोश मिळाला नाही तर ठाम आवाजावर भागतं. बहुतेकांचं त्यावरच भागलेलं आहे.

पहिला धडा कानाचा. पक्षी स्वतःचं नाव स्वतःच सांगत असेल तर विद्वत्ता पाजळू नये. टिटवीच्या विलायती बहिणीला ‘पीविट’ म्हणतात, कारण ती तसंच ओरडते. आपल्या टिटवीचंही तेच, तिथे कुणी संस्कृत धातू शोधत बसत नाही. हिरवा सुतारपक्षी खदाखदा हसल्यासारखा ओरडतो, म्हणून तो ‘यॅफल’. उत्तरेकडे कोकिळेच्या तिथल्या नातलगाला ‘गाउक’ म्हणतात. हा शब्द व्हायकिंगांनी जहाजातून आणला. पुढे त्याचा अर्थ मूर्ख असाही झाला आणि स्कॉटलंडात एक एप्रिलला लोक एकमेकांना गाउक करू लागले. एवढं सांगून थांबावं. धडा सोपा आहे.

दुसरा धडा अवघड आणि थोडा असभ्य, लहान मुलांना बाहेर पाठवा. नियम असा: शब्दात ओळखीचा, शहाणासुरता इंग्रजी शब्द दिसला, की तो तिथे नाहीच असं धरून चाला. ‘व्हीटइअर’ घ्या. गहू दिसतो, कणीस दिसतं, डोळ्यांपुढे सोनेरी शेत डोलू लागतं. सतराव्या शतकातल्या सज्जनांनी तर कारणही देऊन ठेवलं की गहू पिकतो तेव्हा हा पक्षी सर्वांत लठ्ठ असतो. ससेक्सच्या टेकड्यांवरचे मेंढपाळ त्याला पकडून खवय्यांना विकत, त्यामुळे लठ्ठपणाचा प्रश्न जिव्हाळ्याचा होता. प्रत्यक्षात त्या नावाचा अर्थ ‘पांढरं ढुंगण’ एवढाच. पक्षी उडाला की तेच दिसतं. फ्रेंच लोक आजही त्याला सरळ त्याच अर्थाचं नाव घेऊन हाक मारतात आणि कणसाबिणसाच्या भानगडीत पडत नाहीत.

हाच नियम पुढे चालवा. ‘रेडस्टार्ट’मध्ये कशाचीही सुरुवात नाही. ‘स्टार्ट’ म्हणजे जुन्या इंग्रजीत शेपूट, आणि या पक्ष्याचं ते तांबडं असतं. त्याच्याच कुळातला थिरथिरा हिवाळ्यात आपल्याकडे येतो आणि ते शेपूट सारखं थरथरवत बसतो. आपण रंग सोडून थरथर पाहिली. ‘लॅपविंग’ हे त्या पीविटचंच दुसरं नाव, त्यात ना मांडी आहे ना पंख. उडी मारणं आणि हेलकावणं असे दोन जुने शब्द होते, ते लोकांना कळेनासे झाले आणि त्यांनी कळणारे बसवून टाकले. हवेत एका जागी तरंगणाऱ्या खरुची ससाण्याला ‘विंडहोवर’ म्हणत. त्याचं सोळाव्या शतकाच्या अखेरीस छापलेलं दुसरं नाव या मासिकात छापता येणार नाही. जेरार्ड मॅनली हॉपकिन्स यांनी १८७७ मध्ये त्याच्यावर कविता लिहिली तेव्हा पहिलंच निवडलं. त्याच वर्षी ते पाद्री झाले.

रातव्याला ‘गोटसकर’ म्हणतात, कारण तो रात्री शेळ्यांचं दूध पितो असा समज थेट अॅरिस्टॉटलपासून चालत आलेला. इथे व्युत्पत्ती खरी आहे, पक्ष्यावरचा आळ तेवढा खोटा.

आता पेयांकडे. घसा ओला करून घ्यायला हरकत नाही. ‘मीड’ म्हणजे मधाची दारू. हा शब्द आणि आपला ‘मधु’ एकाच मुळाचे, हे सांगितल्यावर सभेत टाळी हमखास. टाळीच्या भरात ‘मेथेग्लिन’ या मसालेदार मधाच्या दारूलाही त्याच माळेत ओवू नका. ते वेल्श आहे आणि त्यात मध नसून वैद्य आहे: वैद्याचं पेय. पिणाऱ्यांनी औषधाची सबब फार पूर्वी शोधलेली दिसते.

‘लॅम्ब्सवुल’पाशी मात्र बेतानं. गरम एलमध्ये, म्हणजे एका जातीच्या बिअरमध्ये, भाजलेल्या सफरचंदांचा गर घोटून हे करतात. व्हॅलन्सी नावाच्या अठराव्या शतकातल्या लष्करी गृहस्थांनी जाहीर केलं, की हे आयरिश भाषेतल्या फळांच्या सणाच्या नावाचं अपभ्रष्ट रूप आहे. पुस्तकांनी ते भक्तिभावाने उतरवून घेतलं. आपला दुसऱ्या धड्यातला नियमही त्यांच्याच बाजूने उभा राहतो, आणि इथेच आपटतो. गर लोकरीसारखा तरंगतो, म्हणून कोकराची लोकर. बस.

मराठी माणसाची खरी परीक्षा ‘पंच’पाशी. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर मुंबई-सुरतेत राहिलेला, जुन्नरपर्यंत जाऊन आलेला. १६९८ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने हा शब्द आपल्या ‘पाच’वरून, पाच जिन्नसांवरून आल्याचं लिहिलं. ऊर भरून येतो. पण खलाशांच्या ‘पंचन’ नावाच्या पिंपाकडे बोट दाखवणारेही आहेत, तेव्हा ‘असं म्हणतात’ हे दोन शब्द जोडावेत. अभिमान अगदीच अनावर झाला तर ‘टॉडी’ धरा. ती निःसंशय आपली ताडी. ताड स्वप्नातही न पाहिलेल्या स्कॉटिश लोकांनी तिचं नाव व्हिस्की, गरम पाणी आणि साखर यांच्या मिश्रणाला दिलं.

पुढच्या वर्गात जाण्यासाठी पक्षी आणि पेय एकाच भांड्यात: ‘कॉक एल’. सर केनेल्म डिग्बी यांच्या १६६९ च्या पाककृतीनुसार आठ गॅलन एल, एक उकडलेला कोंबडा, चार पौंड मनुका, जायफळ, जायपत्री, खजूर. सगळं खलात कुटून त्यावर उंची वाइन ओतायची, एलमध्ये टाकून सहा-सात दिवस घट्ट बंद ठेवायचं, बाटल्या भरायच्या, महिन्याने प्यायचं. ही कृती सांगितलीत की कोपऱ्यातून कुणीतरी हमखास उठेल आणि ‘कॉकटेल’ यावरूनच आलं म्हणेल. शेपूट छाटलेल्या घोड्याला कॉकटेल म्हणत, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी बोलू नका. बिल बहुधा तोच देणार असतो.