दमणगंगेला एनओसी कुणी दिली?

आमच्या साडूंची द्राक्षं यंदा अवकाळीतून वाचली आणि एक्स्पोर्टला गेली. द्राक्षाचे पैसे आले की दिंडोरी तालुक्यात माणूस आधी बंगल्यावर मजला चढवतो, मग शेततळं करतो, मग ट्रॅक्टर बदलतो. साडूंचं हे तिन्ही करून झालेलं. त्यामुळे पैसे ठेवायचे कुठे, हा प्रश्न त्यांनी दमणला जाऊन सोडवला. सेकंडहँड स्पोर्ट्‌स कार घेतली. दोन दारं, दोन सीट, रंग पिकल्या लिंबाचा. बटण दाबलं की छप्पर घडी होऊन डिकीत जाऊन बसतं.

“पाव्हणं, शून्यावरून शंभरावर पाच सेकंदांत जाते,” ते फोनवर म्हणाले. “आणायला चला.”

दोनच सीट असल्यामुळे दोघी बहिणींनी सोबत यायचं की नाही, हा प्रश्न आपोआप मिटला, असं आम्हाला वाटलं. तो मिटला नव्हता, लांबणीवर पडला होता. असो.

दमणच का, तर तिथला रस्ताकर आपल्यापेक्षा कमी. आपल्याकडे पेट्रोल गाडीला किमतीच्या ११ ते १३ टक्के कर एकरकमी मोजावा लागतो. म्हणून महागड्या गाडीला कागदोपत्री दमणचं रहिवासी करायची जुनी रीत आहे. ‘डीडी ०३’ पाटी मिरवणाऱ्या कित्येक गाड्यांनी समुद्र पाहिला तो थेट मरीन ड्राइव्हचा. आमची मात्र अस्सल दमणकर होती. सायलेन्सरवर खाऱ्या वाऱ्याचा गंज होता, तो विकणाऱ्याने ‘कोस्टल फिनिश’ म्हणून दाखवला.

नाशिक ते दमण अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण त्यात सीमा दोन. दमणमधून निघालं की गुजरात, गुजरात संपलं की महाराष्ट्र. १ मे १९६०पूर्वी यातली दुसरी सीमा नव्हती, सगळं मुंबई राज्यच होतं. पहिली मात्र तेव्हा खरीखुरी परदेशाची होती, कारण १९ डिसेंबर १९६१पर्यंत दमणवर पोर्तुगीजांचा झेंडा होता. आता दोन्हीकडे तिरंगा आहे. फरक एवढाच, की दमणमध्ये दारू मुबलक आणि स्वस्त, गुजरातेत दारूबंदी. त्यामुळे दमणहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डिकीकडे लोक संशयाने बघतात. डिकी पिवळ्या स्पोर्ट्‌स कारची असेल तर कौतुकानेही बघतात.

“डिकीत काय आहे?”

“छप्पर,” साडू म्हणाले.

तपासणीवाल्याने एकदा आमच्या उघड्या डोक्यांकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे. “डिकी उघडा.”

उघडली. आत खरंच छप्पर होतं. ते बाहेर काढून दाखवा म्हणाला. बटण दाबलं. छप्पर सावकाश उठलं, उलगडलं, आमच्या डोक्यावर येऊन बसलं. मग त्याने रिकाम्या डिकीत हात घालून चाचपलं. द्राक्षाचा एक क्रेट आडवा ठेवला तर झाकण लागणार नाही, एवढी ती डिकी. “यात मावतं काय?” त्याने विचारलं. आवाजात संशय उरला नव्हता, नुसती कीव होती. मग त्याने साथीदारांना हाक मारली आणि छप्पर आणखी दोनदा उघडझाप करायला लावलं.

पुढे नानापोंढा, कपराडा. इथे आम्हाला गाडीचा खरा स्वभाव कळला. जमिनीपासून तिचं पोट जेमतेम चार बोटं वर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी त्यावरून अलगद चढून अलगद उतरते. आपल्याकडे गावोगावी यातली उंची तेवढी पाळतात, कुठे थोडी सढळ हातानेही. रुंदीचं सिमेंट उरतं, ते देवळाच्या ओट्याला उपयोगी पडतं. त्यामुळे प्रत्येक गतिरोधकाआधी मी उतरायचं, गाडी हलकी करायची, पुढे जाऊन वाकून बघायचं आणि हात करायचा. “येऊ द्या, येऊ द्या, तिरकी घ्या, थांबाऽऽ!” स्पोर्ट्‌स कारमधून आलेला मी, पेठपर्यंत चार-पाच किलोमीटर तरी पायी आलो असेन. पंधरा माणसं, दोन बोकड आणि टपावर पत्रे घेतलेली एक काळीपिवळी आम्हाला मागे टाकून गेली. तिच्या ड्रायव्हरने हॉर्नसुद्धा दिला नाही. आम्ही शर्यतीत आहोत हेच त्याला माहीत नव्हतं.

सीमा ओलांडून आपल्या हद्दीत आलो तसा ऊर भरून आला. लगेच हातही आडवा आला. दमण बनावटीचं मद्य पेठ रोडने येतं, हे नाशिकच्या पेपरातलं नित्याचं पान. त्यामुळे दमणची पाटी बघून आपली माणसं न थांबवतील तरच नवल.

“डिकीत काय?”

“छप्पर,” आम्ही दोघं एका सुरात म्हणालो आणि न सांगता बटण दाबलं.

करंजाळीला चहा घेतला. गाडीभोवती गर्दी जमली. कुणी अश्वशक्ती विचारली नाही. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, “ॲव्हरेज किती देते?” साडूंनी आकडा सांगितला. बाबांनी दुसरा प्रश्न विचारला, “माणसं किती बसतात?” “दोन.” बाबांनी साडूंच्या चहाचे पैसे दिले.

सावळघाट चढून, पेठ नाक्यावरून नाशकात शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आमच्या गावाची एक गंमत आहे. जकात जाऊन दहा-बारा वर्षं झाली, पण मुंबई नाका, आडगाव नाका, दिंडोरी नाका, पेठ नाका सगळे जागच्या जागी. काही घ्यायचं नाही, तरी नाका आहे. साडूंच्या मळ्यातल्या शिवाररस्त्यावर ही गाडी नेणं म्हणजे तिला नांगराला जुंपणं, म्हणून ती आमच्या सोसायटीत माझ्या जागेवर लागली आणि माझी स्कूटर बाहेर गेली.

इथपर्यंतचा प्रवास सोपा होता. त्यात नुसता रस्ता होता.

मोटार वाहन कायदा १९८८चा. त्यातलं कलम ४६ म्हणतं, कोणत्याही एका राज्यात नोंदलेली गाडी भारतभर नोंदलेली समजावी. वाचून छाती फुगते. पाठोपाठ कलम ४७ येतं. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलीत तर तिथला नवा नंबर घ्या. म्हणजे देश एक आहे, पण वर्षभराच्या बोलीने. मग कलम ४८, ना-हरकत प्रमाणपत्र, तेही गाडी नोंदली तिथून, म्हणजे दमणहून. फॉर्म २७ नव्या नंबराचा, २८ ना-हरकतीचा, २९ आणि ३० मालकी बदलाचे. हे ऐकून साडू म्हणाले, “फॉर्म ३१ लागत नाही हे बरं. नाहीतर महिना भरला असता.”

मी त्यांना २०२१मध्ये आलेल्या ‘बीएच’ मालिकेचं सांगितलं. एकच नंबर, सगळ्या राज्यांत चालतो. पण तो मिळतो सरकारी नोकरांना, सैन्यातल्यांना आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांच्या नोकरांना. साडूंची बाग एका तालुक्यात. त्यांची द्राक्षं मात्र युरोपात जातात.

फॉर्म २८वर चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो. नंबरावर कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसं. कोट्यवधींच्या संगणकीकरणानंतर ही कला टिकून आहे. आमच्या गाडीखाली माणूस शिरत नाही, म्हणून आधी दोन विटांवर चाक चढवलं. साडू पाठीवर आडवे, मी टॉर्च धरून. छाप उमटला. इथल्या आरटीओच्या खिडकीवरच्या माणसाने तो उजेडात धरला आणि परत केला. सहाचा आठ दिसत होता.

त्या संध्याकाळी साडू माझ्या गॅलरीत गप्प बसले होते. मग एकदम म्हणाले, “पाव्हणं, दमणगंगा कुठं उगवते?”

मला माहीत होतं. त्यांच्याच दिंडोरी तालुक्यातल्या डोंगरात. तिथून १३१ किलोमीटर वाहत, गुजरात आणि दादरा-नगर हवेली पार करून ती दमणला समुद्राला मिळते.

“तिला एनओसी कुणी दिली?”

कुणीच नाही. उताराला कागद लागत नाही. आपल्या डोंगरातलं पाणी खाली गेलं, आपल्या द्राक्षाचे पैसे खाली गेले, कुणी हटकलं नाही. तेच पाणी परत मागायला गेलो की फॉर्म सुरू होतात. दमणगंगेचं पाणी पिंजाळमार्गे मुंबईकडे वळवायचं म्हणून ३ मे २०१०ला केंद्र, महाराष्ट्र आणि गुजरात यांनी सामंजस्य करार केला. पाणी अजून खालीच वाहतं आहे. त्याचाही सहाचा आठ कुठेतरी दिसत असणार.

शेवटी छाप नीट उमटला. गाडी रस्त्यावर काढून पुन्हा ते गतिरोधक कोण मोजणार, म्हणून साडू कागद घेऊन वापीच्या एसटीने खाली गेले. जाताना कुणी काही विचारलं नाही. चार दिवसांनी ना-हरकत घेऊन ते परत निघाले. सीमेवर एसटी थांबली, आत एक जण चढला आणि दमणहून आलेल्या माणसाच्या पिशवीवर त्याने बोट ठेवलं.

“पिशवीत काय?”

“छप्पर,” साडू सवयीने म्हणाले.

पिशवी उघडली. आत एक कागद होता. त्या माणसाने तो उलटासुलटा करून पाहिला, पिशवी झटकून बघितली आणि विचारलं, “एवढ्यासाठी दमणला गेला होता?”