युवक केंद्र तात्पुरते कसे हलवावे?

तात्पुरते स्थलांतर कसे करावे हे नागपूरला शिकवायला जाणे म्हणजे इतवारीत जाऊन किराण्याचे भाव सांगणे. दर हिवाळ्यात हे शहर एक अख्खे सरकार उतरवून घेते. सरकारने दर वर्षी ठरावीक काळ नागपूरला मुक्काम हलवावा आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन इथे भरवावे, असे १९५३ च्या नागपूर करारात लिहिले आहे, आणि १९६० पासून मोजके अपवाद वगळता ते पाळले गेले आहे. मुख्यमंत्री रामगिरीवर, मंत्री रविभवनात, आमदार आमदार निवासात, कर्मचारी १६० गाळ्यांत, पत्रकार 'सुयोग'मध्ये. मुंबईहून फायलींचे गठ्ठे येतात, भिंतींना रंग लागतो, गाद्या उन्हात पडतात, आणि कामकाज संपले की सारे आल्या वाटेने परत. डिसेंबर २०२४ मध्ये हा खटाटोप १६ ते २१ अशा सहा दिवसांत आटोपला. जाण्याचा दिवस ठरलेला, येण्याचाही ठरलेला. आपल्या वस्तीतले युवक केंद्र इमारतीच्या नूतनीकरणासाठी हलवू पाहणाऱ्या पदाधिकाऱ्यांनी हा नमुना नीट अभ्यासावा आणि कटाक्षाने टाळावा. कारण तो यशस्वी होतो. ज्यांना हलायचे असते त्यांच्याच हातात तारीख असते, म्हणून तो यशस्वी होतो. युवक केंद्राच्या बाबतीत हलणारे वेगळे आणि हलवणारे वेगळे, ही आपली मुख्य सोय आहे. पुढचे सगळे मार्गदर्शन या एका सोयीवर उभे आहे.

सुरुवात सूचनाफलकापासून करावी. मजकूर ठरलेला आहे: नूतनीकरणाच्या कामास्तव केंद्र तात्पुरते अन्यत्र हलवण्यात येत आहे, होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कागदावर ज्या दिवशी तो चिकटवला त्या दिवसाची तारीख असावी, परतण्याची नसावी. तिथे 'लवकरच' लिहावे. मराठीत 'लवकरच' इतका टिकाऊ शब्द दुसरा नाही. ऊनपावसात शाई उडते, कागद पिवळा पडतो, शब्द तसाच राहतो. इतिहासात या कामी सर्वांत बदनाम झालेला माणूस म्हणजे महंमद तुघलक. १३२७ च्या सुमारास त्याने दिल्लीची राजधानी आपल्या दौलताबादला आणली. लोक त्याला लहरी म्हणतात ते राजधानी नेली म्हणून, पण त्याची खरी चूक पुढची आहे. तो परत गेला. काही वर्षांत माघारी फिरल्यामुळे आधीचा निर्णय चुकीचा होता हे साऱ्या जगाला कळले. न परतणाऱ्याच्या निर्णयाची अशी तपासणी कधीच होत नाही.

पर्यायी जागा निवडताना ती फार वाईट निवडू नये, लोक बोलतात. फार चांगली तर मुळीच नको, लोक येतात. पटसंख्येअभावी बंद पडलेल्या शाळेचा मागचा वर्ग किंवा पत्र्याचे समाजमंदिर उत्तम. नागपूरचा मे महिना या कामी फार मोठा सहकारी आहे. पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की पत्र्याखाली दुपारी चार तास बसून अभ्यास करणाऱ्याच्या चिकाटीचे कौतुक करावे आणि कूलरच्या मागणीचा अर्ज आवक-जावक वहीत नोंदवून घ्यावा. कूलर द्यायचा झाला तर पावसाळा लागल्यावर द्यावा. पावसाळ्याचेही स्वतःचे गुण आहेत. जुलै २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन मुंबईऐवजी नागपुरात भरले होते. एका दिवसाच्या पावसाने विधानभवनाच्या वीजयंत्रणेत पाणी शिरले, दिवे गेले आणि सभागृहाचे त्या दिवसाचे कामकाज थांबवावे लागले. अख्ख्या राज्याचा कारभार चालवणाऱ्या आणि दर वर्षी रंग लागणाऱ्या इमारतीची ही कथा असेल, तर समाजमंदिराच्या एका खोलीत टपकणाऱ्या पाण्याबद्दल तक्रार करणाऱ्या पोरांना नम्रपणे हा दाखला द्यावा. फरक एवढाच, की विधानभवनातले दिवे परत आले.

सामान हलवण्याचे शास्त्र वेगळे आहे आणि इथे हयगय होऊ देऊ नये. लोखंडी कपाट, ट्रॉफ्या आणि अध्यक्षांची खुर्ची पहिल्याच फेरीत जाऊ द्यावी. कॅरम बोर्ड शेवटच्या फेरीत. तो नव्या जागी भिंतीला उभा टेकवून ठेवावा, पण जमिनीच्या ओलीपासून वाचवायला खाली विटा देऊ नयेत. एका पावसाळ्यात खालची कड फुगते, प्लायचे पापुद्रे सुटतात, दोन कोपऱ्यांची जाळी सैल होऊन लोंबते. सोंगट्या डब्यात असतात, स्ट्रायकर मात्र ठेकेदाराच्या सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये, पावतीपुस्तकावर ठेवायचे वजन म्हणून. बोर्ड मोडला असे कुणी म्हणू शकत नाही, आणि त्यावर खेळूही शकत नाही. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचे त्याहून सोपे. ती गोणीत शिवून ठेवली की चालू घडामोडी आपोआप इतिहासात जमा होतात.

आता मुख्य मुद्दा. युवक केंद्राचा सभासद इतर कोणत्याही विस्थापितासारखा नसतो, कारण तो संपतो. मुंबईच्या संक्रमण शिबिरांत राहायला गेलेल्या कुटुंबांकडे पाहा. काही ठिकाणी दुसरी-तिसरी पिढी तिथेच वाढली, पण घरावरचा हक्क बापाकडून मुलाकडे आला. सभासदत्व असे वारशाने जात नाही. शिवाय तरुण कोण हे सरकार ठरवते. २००३ च्या राष्ट्रीय युवा धोरणात तरुणाई १३ ते ३५ वर्षांची होती. २०१४ च्या धोरणाने ती १५ ते २९ वर आणली. म्हणजे तिशी ते पस्तिशीतली सारी मंडळी जागचे न हलता एका कागदाने तारुण्यातून स्थलांतरित झाली, आणि परतीची तारीख त्यांनाही कुणी दिली नाही. चोविसाव्या वर्षी केंद्रातून बाहेर पडलेल्या मुलाचे काम सहा वर्षे रेंगाळवले की तक्रार करायला युवकच उरत नाही. अडचण एकच आहे, एमपीएससी. तिथे खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत वयोमर्यादा असल्यामुळे अभ्यासिकेतला सभासद अंमळ चिवट असतो. त्याच्यासाठी कामाचे दुसऱ्या टप्प्यातले अंदाजपत्रक राखून ठेवावे.

यावर आक्षेप येतील. पहिला असा, की लोक परतल्याची उदाहरणे आहेत: ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्याच ना? मिळाल्या. पण त्या रहिवाशांकडे कागद होते, भाडेपावत्या होत्या, मतदारयादीत एका पत्त्यावर सगळे घर होते. आपल्या सभासदाकडे काय आहे? हजेरीवहीतली सही, आणि ती वही पहिल्याच फेरीत कपाटाबरोबर गेली. दुसरा आक्षेप, की पोरे मोर्चा काढतील. काढू द्यावा. यशवंत स्टेडियमपासून निघून मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवला जाणे ही या शहराची जुनी वहिवाट आहे, आणि अधिवेशनाच्या ज्या दिवसांत ती फुलते त्यांत बाकीचे मोर्चेकरी आपल्या बावीस पोरांकडे कुणाला बघू देत नाहीत. अधिवेशन नसताना काढला तर निवेदन घ्यायला कुणी नसते.

तिसरा आक्षेप जड आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. छताचे गज उघडे पडलेत, जिन्याखालची तुळई तडकली आहे, स्ट्रक्चरल ऑडिटवाल्याने लाल शेरा मारला आहे. मग इमारत रिकामी करायची नाही का? करायचीच. पोरे ढिगाऱ्याखाली जाण्यापेक्षा पत्र्याखाली घामाघूम झालेली बरी, यात विनोद नाही. या मार्गदर्शनाची सगळी भिस्तच त्यावर आहे: दुरुस्तीचे कारण खरे असावे. खऱ्या कारणाने बाहेर काढलेल्या माणसाला परत कधी, हे विचारताना स्वतःलाच ओशाळल्यासारखे होते. जणू त्याला छत पडलेले चालले असते. म्हणून बाहेर काढण्याचे कारण आणि परत घेण्याची जबाबदारी हे दोन वेगळे कागद आहेत, हे सभेत कुणाच्या लक्षात येऊ देऊ नये. ते लक्षात आले की सगळे मुसळ केरात. मग कुणीतरी म्हणेल, वर्क ऑर्डरमध्ये पूर्णत्वाची तारीख घाला आणि तीच सूचनाफलकावर लिहा. कुणी म्हणेल, आधी एक बाजू दुरुस्त करा, तोवर दुसऱ्या बाजूला केंद्र चालू द्या. कुणी हुशार असेल तर देखरेख समितीवर दोन सभासद मागेल आणि पर्यायी जागेचा खर्च ठेकेदाराच्या दिरंगाईला बांधून टाकेल. यातली एकही गोष्ट अवघड नाही किंवा महाग नाही, म्हणूनच धोका मोठा आहे. अशी सूचना आली की चहा मागवावा.

एवढे सांभाळले की एक दिवस इमारत पूर्ण होते. तेही टाळता येत नाही. उद्घाटनाला जुन्या सभासदांना आवर्जून बोलवावे, तेवढेच आपले ऋण. ते येतील, मुलाबाळांना घेऊन येतील, चष्मा पुसून नव्या भिंती बघतील, कॅरम कुठाय म्हणून विचारतील. खुर्च्या पाठ टेकायच्या मांडाव्यात. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे ना, हे आदल्या दिवशी पाहून घ्यावे.